लाईट गेल्यावरचे लेखक

लाईट गेली की मनापासून आनंद होणारा माणूस मी उभ्या मराठवाड्यात एकच पाहिला, आणि तो नेमका पिठाच्या चक्कीचा मालक होता. नात्याने ते माझे साडू. माझी बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो, आणि पुढे पुढे त्यांचं पाळण्यातलं नाव काय हे आठवायला मला लग्नपत्रिका काढून बघावी लागे. शिरड शहापूरच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं गाव, आणि गावात शिरताच डाव्या हाताला पत्र्याच्या शेडमधली त्यांची चक्की. त्या काळात वीज यायची कधी आणि जायची कधी याला काही धरबंध नव्हता. ती आली की बायाबापड्या डबे घेऊन धावत यायच्या आणि दाजी पडलेल्या चेहऱ्याने बटण दाबायचे. ती गेली की पट्टा हळूहळू थांबायचा, घरघर विरायची, आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांखाली दाजींचे डोळे लुकलुकायला लागायचे. मग ते आढ्याला खोचलेली कागदांची गुंडाळी काढायचे, गल्ल्याच्या पेटीवर मांडी ठोकायचे आणि म्हणायचे, "चला, आता निवांत ऐका."

कारण दाजी लेखक होते. म्हणजे गावाच्या लेखी ते चक्कीवाले होते आणि माझ्या मेव्हणीच्या लेखी रिकामटेकडे होते, पण स्वतःच्या लेखी लेखकच होते. फक्त छापून काही आलं नव्हतं. लाईट गेल्यावर ऐकणाऱ्यांना पळून जायची सोय नसे. दळण अर्धं झालेलं, डबा नंबराला लावलेला, आणि दाजींचा अलिखित नियम असा की कथा ऐकत बसलेल्याचा डबा आपोआप पुढे सरकायचा. मध्येच उठून गेलेल्याचा डबा परत येईपर्यंत कसा कोण जाणे, भिंतीकडेला जाऊन बसलेला असे. यात दाजींच्या मनात काही वाईट नव्हतं. ज्याला कथेची घाई नाही त्याला पिठाचीही नसणार, असं ते प्रामाणिकपणे समजत. त्यामुळे त्या गावातल्या बायकांनी जेवढं मराठी कथावाङ्मय ऐकलं असेल तेवढं आमच्या कळमनुरीच्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांनीही ऐकलं नसेल, आणि त्या शिक्षकांत मीही होतो.

लिहिण्याची त्यांची रीत निराळी होती. चक्कीत बसून लिहायचं म्हणजे कागदावर सतत पीठ बसणार, आणि पिठावर बॉलपेन चालत नाही. म्हणून प्रत्येक ओळीआधी ते कागदावर फुंकर मारायचे. पुढे ती सवय हाडीमाशी इतकी खिळली की फुंकर मारल्याशिवाय त्यांना अक्षरच सुचेना. बँकेत सही करताना ते काउंटरवरच्या स्वच्छ फॉर्मवर फुंकर मारायचे. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात आहेराच्या वहीत नाव लिहायला बसवलं तर तिथंही प्रत्येक नावाआधी फुंकर. समोरचा आहेर देणारा दचकून मागे सरकायचा. त्यांनी पाठवलेली कथा पाकिटातून काढली की टेबलावर पांढरी रांगोळी पडते आणि आमचा शिपाई मुकाट्याने फडकं घेऊन येतो, असं परभणीच्या संपादकांनी मला नंतर सांगितलं. त्या कार्यालयात दाजींना नावाने कोणी ओळखत नव्हतं, पण "ते पिठाचं पाकीट आलं" म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

हे परभणीचे संपादक एक छोटा दिवाळी अंक काढत. स्वतःच प्रुफं तपासायचे, स्वतःच जाहिराती मागत फिरायचे आणि स्वतःच अंकाचे गठ्ठे एसटीत चढवायचे. पण आलेल्या प्रत्येक कथेला ते हाताने दोन ओळी लिहून उत्तर द्यायचे, छापील चिठ्ठी लावायचे नाहीत. दाजींची पहिली कथा त्यांनी "साभार परत" असा शेरा मारून पाठवली तेव्हा दाजींना भरून आलं. एवढ्या मोठ्या माणसाने आपले आभार मानले म्हणून त्यांनी चक्कीवर पेढे वाटले. कथा परत आली आहे हे माझ्या मेव्हणीने लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, माहेरी आलेली लेक सासरी जातेच की पुन्हा. तिने कपाळावर हात मारला आणि ती पेढ्यांचा रिकामा पुडा घेऊन आत गेली.

आता कथा परत का येत, तर त्याला कारण दाजींचा चांगुलपणा. ते लिहायचे ते गावातल्या माणसांवरच. दुसरी माणसं त्यांना ठाऊकच नव्हती. पण ज्याच्यावर लिहिलं त्याला ते वाचून दाखवल्याशिवाय आणि त्याची परवानगी घेतल्याशिवाय कथा पोस्टात टाकणं त्यांना पाप वाटे. मी एकदा म्हणालो, दाजी, जगात कुठलाच लेखक असं करत नाही. ते म्हणाले, "काहून करत न्हाई? कुणाच्या वावरातून बैलगाडी काढायची तर इचारावं लागतंय का न्हाई? ह्ये तर माणसाच्या जिवातून गाडी न्हेणं झालं, गुर्जी." मग काय, लाईट गेली की कथा वाचली जाई आणि एकेकाच्या हरकती सुरू होत. गावातला एक जण कंजूष दाखवला होता, त्याने हरकत घेतली, तर पुढच्या खेपेला तो पंगत घालताना दाखवावा लागला. एका बाईंना कथेतलं हिरवं लुगडं पसंत नव्हतं, ते बदलून जांभळं केलं, तेव्हा त्या हातातलं सूप खाली ठेवून समाधानाने हसल्या. एका म्हाताऱ्याचा कथेत शेवटी मृत्यू होता. प्रत्यक्षातही ते वारलेलेच होते, पण त्यांचा मुलगा डबा खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "एकदा मेले ना ते? आता पुन्यांदा काहून मारून राहिले?" दाजींना ते इतकं पटलं की त्यांनी म्हाताऱ्याला जिवंत ठेवलं, वर नरसीला नामदेवाच्या दर्शनाला पाठवून दिलं. असं करता करता कथेत कोणी भांडेना, कोणी मरेना, कोणी कुणाचं वाईट चिंतेना. संपादकांचं उत्तर यायचं, "आपल्या गावी राहायला यावंसं वाटलं. मात्र कथा सापडली नाही."

या सगळ्या कथांत एक कथा मात्र दाजींच्या जिवाची होती. तिचं नाव 'भोंगा', आणि तीच छापून यावी म्हणून त्यांचा सगळा आटापिटा होता. बाकीच्या कथा परत आल्या की ते हसून आढ्याला खोचायचे. ही परत आली की दोन दिवस त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यामागची हकीकत गावात सगळ्यांना ठाऊक होती, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नसे.

गावाशेजारी तांडा आहे. तिथला हरसिंग हा दाजींच्याच वयाचा, आणि दाजींचा पहिला श्रोता. दळण आणायचं निमित्त करून तो चक्कीवर यायचा आणि जिथं हसायला हवं तिथं बरोबर हसायचा. लेखकाला असा माणूस एक मिळाला तरी पुरतो. एका वर्षी सप्ताहाच्या तोंडावर देवळावरचा भोंगा नाहीसा झाला. गाव देवळासमोर जमलं. तेव्हा गावातले विणेकरी बुवा, ज्यांच्या शब्दाला सगळे मान द्यायचे, त्यांनी सांगितलं की मी हरसिंगला भोंगा घेऊन तांड्याकडे जाताना पाहिलं. झालं. हरसिंगच्या घराची झडती झाली. सापडलं काही नाही, पण चार माणसांनी त्याच्या बायकोची भांडीकुंडी अंगणात मांडली. त्या दिवशी हरसिंगचा ज्वारीचा डबा चक्कीवर नंबराला होता. लाईट नव्हती. तो आला, दळण न करताच डबा डोक्यावर घेतला आणि निघून गेला. त्या आठवड्यात तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला, कारखान्याकडेच राहिला आणि परत आला नाही.

महिन्याभराने भोंगा आला. बुवांच्या सासुरवाडीच्या लोकांनी तो बैलगाडीतून आणला, वर नारळ आणि उपरणंही आणलं, कारण त्यांच्या सप्ताहासाठी बुवांनीच तो दिला होता. न विचारता दिला होता, आणि गाव खवळलेलं बघून सांगायची हिंमत झाली नव्हती. गावाने भोंगा निमूटपणे देवळावर बांधला. बुवांच्या पांढऱ्या केसांकडे बघून कोणी अवाक्षर काढलं नाही. दाजींनी हरसिंगच्या भावाकरवी निरोप धाडला की भोंगा मिळाला. हरसिंगचा उलटा निरोप आला, "गाव काय म्हणलं?" गाव काहीच म्हणालं नव्हतं, आणि औंढ्याच्या बाजारात तांड्यावरच्या माणसांना अजून भोंगेवाले म्हणत होते. म्हणून दाजींना ती कथा छापून यायला हवी होती. मला म्हणाले, "बोललेलं पिठावानी उडून जातंय, गुर्जी. छापलेलं लोक बराबर धरतेत. हरसिंगनं भोंगा न्हेला न्हाई, एवढं कुठंतरी छापलेलं पाह्यजे."

पण परवानगीचं काय? पहिल्या मसुद्यात बुवा होते तसे होते. दाजी घाबरत घाबरत देवळाच्या ओट्यावर बुवांना वाचून दाखवायला गेले. बुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि शांतपणे सांगितलं, "लिव. पण माझं नाव नको, माझा इणा नको, आन् माझ्यावानी माणूसबी नको." मग 'मी पाहिलं' म्हणणारा माणूस कथेत कळमनुरीच्या बाजाराला चाललेला एक वाटसरू झाला. तर कळमनुरीचा एक हळदीचा व्यापारी त्या दिवशी नेमका चक्कीवर पाणी प्यायला थांबलेला. त्याने आमच्याकडची माणसं खोटं बोलत नाहीत म्हणून वाद घातला. पुढच्या वर्षी तो वाटसरू कुठला आहे हेच दाजींनी लिहिलं नाही, तेव्हा गावातल्या प्रत्येकाला तो आपणच असल्याचा संशय येऊ लागला. झडती घेणाऱ्या चौघांनीही आपापली नावं काढून घेतली, त्यामुळे झडतीच उरली नाही. अखेरच्या मसुद्यात भोंगा वावटळीने उडून बारवेत पडला होता, तिथून तो सगळ्यांनी मिळून काढला, हरसिंगने पाण्यात सूर मारला आणि शेवटी तांडा आणि गाव एकत्र पंगतीला बसले. संपादकांनी लिहिलं, "वावटळ उत्तम उतरली आहे. मात्र वाऱ्यावर ठपका ठेवून कथा होत नाही."

हे उत्तर वाचून दाजींनी ठरवलं की आता समक्ष जाऊन बोलायचं. समक्ष बोलायचं म्हणजे कसं, तर त्यांना एकच पद्धत माहीत होती. जीप ठरली. दाजींनी फेटा बांधला, आम्हालाही बांधायला लावला. मी शिकलेला म्हणून मी, आणि दाजींचे थोरले भाऊ वडीलधारे म्हणून ते. शिवाय ज्यांच्यावाचून त्या पंचक्रोशीत एकही सोयरीक जमत नसे असे एक आप्पा. बरोबर नारळ आणि घरच्या हळदीची पिशवी. माझ्या मेव्हणीने आम्हाला निघताना हातावर दही दिलं. परभणीला एका गल्लीत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत संपादक प्रुफं तपासत बसले होते. चार फेटेवाली माणसं जिन्याने वर येताना बघून ते उभेच राहिले, आणि मग बसवायला चार खुर्च्या नाहीत म्हणून अंकांचे गठ्ठे सतरंजी घालून पुढे सरकवले. आप्पांनी त्यांचं मूळ गाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, दोन-तीन आडनावं काढून लांबचं एक नातंही जुळवलं. पाणी झालं, चहा झाला. मग आप्पा मांडी सावरून बसले आणि मुद्द्यावर आले. म्हणाले, आमची बाजू तुमच्यासमोर आहे, लपवण्यासारखं काही नाही. "आता तुमची काय अपेक्षा हाय ते मोकळ्या मनानं सांगा."

संपादक आधी हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि दाजींकडे बघत म्हणाले, "अपेक्षा एकच आहे. कथेत कुणीतरी चुकलं पाहिजे हो. तुमच्या गावात कोणी चुकतच नाही, मग त्या हरसिंगच्या नशिबी हे आलं कुठून?" हळदीची पिशवी दाजींच्या मांडीवरच राहिली होती, ती मी टेबलावर ठेवली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये आप्पा म्हणाले की स्थळ चांगलं आहे, माणूसही सालस आहे, पण मागणी फार अवघड आहे. औंढ्याला चहाला उतरलो तेव्हा दाजींनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं की एखादा माणूस चुकला असं लिहायचं आणि त्याची हरकतही नसायची, असा माणूस गावात कोण असेल. मी म्हणालो, असा माणूस कुठल्याच गावात नसतो. ते मान हलवत राहिले.

पण असा माणूस त्या गावात होता, आणि तो दाजींना त्याच पावसाळ्यात सापडला. त्या वर्षीचा 'भोंगा' त्यांनी लाईट असताना लिहिला. चक्की चालू, कानात घरघर, शेजारी डब्यांची रांग, आणि दाजी फुंकर मारत लिहीत आहेत, हे बघून बायकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. कथा कोणाला वाचून दाखवली नाही. मलाही नाही. पाकीट बंद करून परस्पर पोस्टात टाकलं, तेही तिकीट लावलेला परतीचा लिफाफा न जोडता. पंधरवड्याने संपादकांचं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं, "घेतली. एक शब्दही बदलत नाही." दाजींनी ते कार्ड मला दाखवायला कळमनुरीपर्यंत एसटीने आणलं आणि शाळेच्या दारात मला देऊन, उत्तर न ऐकता, उलट्या गाडीने परत गेले. तो आनंद माणसात बसून सोसवेल असा नव्हता.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अंक आला. आम्ही सगळे सासुरवाडीला जमलो होतो, आणि ती कथा मी पहिल्यांदा वाचली ती अंगणातल्या बाजेवर बसून. कथेत बुवा नव्हते, वाटसरू नव्हता, वावटळही नव्हती. देवळासमोर गाव जमलं आहे, आणि चक्कीचा मालक पुढे होऊन म्हणतो, मी पाहिलं. कथा सांगणारा 'मी' तोच. भोंगा पाव्हण्यांना देणारा तोच, भ्यालेला तोच, आणि ज्वारीचा डबा उचलून जाणाऱ्या मित्राकडे बघत गल्ल्याच्या पेटीवर बसून राहिलेलाही तोच. वाचून झाल्यावर मी अंक मिटला. मी दाजींना म्हणालो, अहो, हे तुम्ही केलंच नव्हतं. ते म्हणाले, "ते बोलले आन् मी गप बसलो. त्यात किती फरक हाय, गुर्जी? आन् हरकत नसलेलं एकच माणूस सापडलं मला."

छापलेलं लोक बराबर धरतात हे त्यांचं म्हणणं फारच खरं ठरलं. आठ दिवसांत ती कथा आसपासच्या गावांत फिरली, आणि ज्यांना जुनी हकीकत नीट ठाऊक नव्हती त्यांनी ठरवून टाकलं की खोटं बोलला तो चक्कीवालाच. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुना डबा ठेवताना दाजींकडे चोरून बघायला लागल्या. शेजारच्या गावचे दोघे-तिघे दळण दुसरीकडे न्यायला लागले. माझी मेव्हणी नवऱ्यावर कधी नव्हे इतकी भडकली, कारण इतकी वर्षं ती त्यांना रिकामटेकडे म्हणत आली होती पण खोटारडे कोणी म्हणालेलं तिला चालणार नव्हतं. दाजी मात्र गप्प होते. हरसिंगचं नाव चांगल्या कागदावर आलं होतं, आणि तेवढ्याने त्यांना जेवण गोड लागत होतं.

मग एके दुपारी लाईट गेली. सवयीने सगळे बसून राहिले, पण दाजी आढ्याकडे हात नेईनात. तेवढ्यात विणेकरी बुवा दारात आले. ते आता फार थकले होते, काठीवर चालत. त्यांच्याजवळ डबा नव्हता. ते पोत्यावर बसले आणि म्हणाले की ऐकायला आलोय, वाच. दाजींनी टाळाटाळ केली, चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता. शेवटी त्यांनी अंक काढला, छापील पानावर फुंकर मारली आणि वाचायला सुरुवात केली. 'मी पाहिलं' या ठिकाणी त्यांचा आवाज इतका खाली गेला की मागच्यांना ऐकू आलं नाही. कथा संपली. नेहमीसारखी हरकत घ्यायला कोणी उठलं नाही. बुवांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि भरल्या शेडमध्ये म्हणाले, "माझी हरकत हाय. ते तू न्हवतास. ते मी व्हतो." आणि थोडं थांबून म्हणाले, "हरसिंगनं न्हेला न्हाई. मीच दिला व्हता." एवढं बोलून ते उठले. त्यांना घरापर्यंत सोडायला दाजीच हात धरून गेले, आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून नारळ घेऊन तांड्यावर हरसिंगच्या भावाकडे गेले. गावातली आणखी काही माणसं पाठोपाठ गेली. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

दाजींचा स्वभाव बघा, त्यानंतर त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं की मूळ माणसाची परवानगी मिळाली असून कृपया पुढील अंकात तशी दुरुस्ती छापावी. संपादकांनी उत्तर दिलं की कथेत दुरुस्ती छापायची पद्धत नाही, नवी कथा पाठवा. नवी कथा दाजींनी पुढे पाठवली नाही. चक्कीवर लाईट गेली की ते कथा वाचायचे, लोक हरकती घ्यायचे, ते बदल करायचे, म्हातारे जिवंत व्हायचे आणि लुगड्यांचे रंग बदलायचे. पण पोस्टापर्यंत ते काही गेले नाहीत. मी पुष्कळ मागे लागलो. म्हणायचे, जे छापायचं होतं ते छापून झालं.

कथा छापून आल्यानंतरच्या उन्हाळ्यात तांड्यावर हरसिंगच्या पुतणीचं लग्न होतं. मी सुट्टीत गेलो होतो आणि दुपारचा चक्कीवर बसलो होतो, तेव्हा एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस दारात येऊन उभा राहिला. दळायचं काही नाही, असंच आलो, म्हणाला. दाजी जागचे उठले आणि पुन्हा बसले. मग त्यांनी चक्की बंद केली. लाईट होती, बायका डबे घेऊन उभ्या होत्या, तरी त्यांनी हाताने बटण दाबून चक्की बंद केली. हे मी त्यांना आयुष्यात एकदाच करताना पाहिलं. म्हणाले, "सगळ्यांची परवानगी घेत बसलो आन् तुझीच घ्यायची राह्यली." आणि त्यांनी हरसिंगला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कथा वाचून दाखवली. हरसिंग भिंतीला टेकून ऐकत होता. दोन ठिकाणी तो हसला, आणि ती हसायचीच ठिकाणं होती. कथा संपल्यावर तो बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, चांगली आहे, सगळं बराबर आहे, फक्त एक गोष्ट चुकली. "डबा उचलताना मी रडलो म्हणून लिवलं तुमी. मी रडलो न्हवतो. तेवढं काढून टाका."

दाजींनी खिशातलं पेन काढलं. छापून आलेला तो त्यांचा एकुलता एक अंक, त्यातल्या पानावर त्यांनी फुंकर मारली आणि ते वाक्य सरळ रेघ ओढून खोडलं. खोडलेलं हरसिंगला दाखवलं. तो वाचू शकत नव्हता, पण त्याने रेघेवर बोट ठेवून मान डोलावली. मग चहा झाला, लग्नाच्या, उसाच्या, पाण्याच्या गप्पा झाल्या, आणि ऊन कलल्यावर तो तांड्याकडे निघाला. दाजी रस्त्यापर्यंत त्याच्याबरोबर गेले.

आज दाजी नाहीत. चक्कीच्या शेडमध्ये आता खताची पोती असतात, घराघरांत छोट्या घरघंट्या आल्या आहेत, आणि मेव्हणीने तो अंक मला दिला आहे, कारण तिला तो वाचवत नाही. दाजींची एवढी एकच कथा छापून आली, आणि तिच्यातही एक वाक्य खोडलेलं. ते पान उघडलं की मला त्या दिवशीचे दाजी दिसतात. हरसिंग वळणावर दिसेनासा झाल्यावर ते परत येऊन माझ्याशेजारी बसले होते. चक्की सुरू करायचं बायकांनी दोनदा सांगितलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "रडला व्हता, गुर्जी. म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं व्हतं." आणि उठून त्यांनी बटण दाबलं.